विश्लेषण : डेस्कटॉप काढून गेमिंग लॅपटॉप घ्यावा का? दोन लाख खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

जुना डेस्कटॉप ठेवायचा की बदलायचा, हा प्रश्न सध्या अनेक घरांत आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत त्याला आणखी काही पदर आहेत. अभियांत्रिकीला गेलेला मुलगा किंवा मुलगी आठवडाभर वसतिगृहात आणि रविवारी घरी असते. वस्तीवरच्या घरात विजेचा भरवसा नसतो. लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला मशीन घेऊन मंगल कार्यालय गाठावे लागते. त्यामुळे डेस्कटॉपच्या जागी ताकदवान गेमिंग लॅपटॉप घ्यावा, असा विचार पुढे येतो. पण हा व्यवहार सहज दोन लाखांच्या घरात जातो. २०२५-२६ च्या गाळप हंगामासाठी उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. या हिशेबाने दोन लाखांचा लॅपटॉप म्हणजे तोडणी-वाहतूक वजा न करताही सुमारे ५६ टन ऊस. आडसाली उसाचे पैसे हाती यायला दीड वर्ष लागते, तर लॅपटॉप निवडण्याचा निर्णय मात्र अनेकदा दुकानातल्या दहा मिनिटांत होतो. म्हणूनच जाहिरातीत ठळक नसलेल्या गोष्टी आधी समजून घेणे गरजेचे आहे.

डेस्कटॉप बदलण्याची वेळ का आली?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवण्यासाठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक डेस्कटॉप या निकषात बसत नाहीत. ते बंद पडलेले नाहीत, पण सुरक्षेच्या दृष्टीने मागे पडले आहेत.

दुसरे कारण शिक्षणाचे आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इंदापूर तालुक्यात वनगळीला एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि पुण्याला जाणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. कॅड, थ्रीडी मॉडेलिंग, प्रोग्रॅमिंग अशी कामे आणि सुटीतले गेम हे सगळे एकाच मशीनवर व्हावे, अशी अपेक्षा असते. डेस्कटॉप एसटीतून नेता येत नाही.

कार्डाचे नाव एकच, मग ताकद वेगळी कशी?

सर्वांत मोठी गफलत येथेच होते. लॅपटॉपच्या स्टिकरवर ‘आरटीएक्स ५०७०’ लिहिलेले असते आणि डेस्कटॉपच्या कार्डाच्या खोक्यावरही तेच लिहिलेले असते. दोन्ही वस्तू मात्र एक नाहीत. एनव्हिडियाच्या डेस्कटॉपवरील ५०७० कार्डात ६,१४४ कोअर आणि १२ जीबी मेमरी असून ते २५० वॅटपर्यंत वीज घेते. त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये ४,६०८ कोअर आणि ८ जीबी मेमरी आहे.

वरच्या टोकाला ही दरी आणखी रुंदावते. डेस्कटॉपच्या ५०९० मध्ये २१,७६० कोअर, ३२ जीबी मेमरी आणि ५७५ वॅटची मर्यादा आहे. लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०,४९६ कोअर आणि २४ जीबी मेमरी आहे, म्हणजे कोअर निम्म्याहून कमी. याला फसवणूक म्हणता येणार नाही. दोन बोटे जाडीच्या डब्यातून ५७५ वॅटची उष्णता बाहेर काढणे शक्यच नसते. पण लॅपटॉपची किंमत ठरवताना डेस्कटॉप कार्डाच्या चाचण्यांचे व्हिडिओ पाहिले, तर अंदाज हमखास चुकतो. तुलना नेहमी ‘लॅपटॉप’ असा उल्लेख असलेल्या चाचण्यांशीच करावी.

‘वॅट’चा आकडा का विचारावा?

लॅपटॉपमधली एकच चिप किती वीज घेईल, हे कंपनी ठरवते. लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०८० साठी ही मर्यादा ८० ते १५० वॅट, तर ५०७० टीआयसाठी ६० ते ११५ वॅट आहे. काही लॅपटॉप गरजेनुसार प्रोसेसरच्या वाट्याची थोडी वीजही ग्राफिक्सकडे वळवतात. वीज जितकी जास्त, तितका वेग जास्त, अर्थात तेवढी उष्णता बाहेर काढण्याची सोय असेल तर. त्यामुळे पातळ, देखण्या लॅपटॉपमधली ८० वॅटची ५०८० चिप आणि जाड लॅपटॉपमधली पूर्ण वॅटची ५०७० टीआय चिप यांच्यातला फरक अपेक्षेपेक्षा बराच कमी निघू शकतो. किमतीतला फरक मात्र मोठा असतो.

हा आकडा बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या तपशिलात ‘टीजीपी’ या नावाने मिळतो. दुकानात लॅपटॉप सुरू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ पाहावे. विक्रेत्याला हा आकडा सांगता आला नाही तरी लॅपटॉप स्वतः तो दाखवतो.

८ जीबी ग्राफिक्स मेमरी पुरते का?

काही कामांना पुरते, काहींना नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या स्पर्धात्मक गेमना फार मेमरी लागत नाही. पण अलीकडचे काही मोठे गेम वरच्या दर्जाच्या चित्रासाठी ८ जीबीची मर्यादा ओलांडतात. तसे झाले की वेग अचानक पडतो आणि चित्र अडखळते. ब्लेंडरमधले मोठे दृश्य किंवा फोर-के व्हिडिओवर चढवलेले इफेक्ट यांनाही हेच लागू होते.

या पिढीत लॅपटॉपच्या ५०६० आणि ५०७० या दोन्ही चिपना ८ जीबीच मेमरी आहे. १२ जीबी मिळते ती ५०७० टीआयपासून आणि १६ जीबी ५०८० मध्ये. म्हणजे ५०६० वरून ५०७० वर जाताना जादा पैसे देऊन थोडा वेग मिळतो, मेमरी वाढत नाही. ग्राफिक्स मेमरी नंतर बदलताही येत नाही. डेस्कटॉपच्या जागी पाच वर्षे वापरायचा लॅपटॉप हवा असेल तर ५०७० टीआय ही विचार करण्याजोगी पायरी ठरते. तेवढे बजेट नसेल तर ५०७० पेक्षा ५०६० घेऊन उरलेले पैसे रॅम आणि एसएसडीवर घालणे अनेकांना जास्त उपयोगी पडेल.

रॅमबाबतही सावध राहावे. ‘सध्या १६ जीबी घ्या, पुढे वाढवा’ हा सल्ला पूर्वी स्वस्तात पडायचा. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या. शिवाय काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच बसवलेली असते, ती वाढवता येत नाही. रॅमचे दोन स्लॉट आहेत का आणि दोन्हींत पट्ट्या बसवल्या आहेत का, हे आधीच विचारावे. एकाच पट्टीवर चालणारा लॅपटॉप तीच क्षमता असूनही संथ पडू शकतो.

स्क्रीन कोणती निवडावी?

फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २१ लाख ठिपके असतात. २५६० बाय १६०० च्या स्क्रीनवर सुमारे ४१ लाख आणि फोर-केवर ८३ लाख. ठिपके दुप्पट झाले की ग्राफिक्स चिपचे कामही त्याच अंगाने वाढते. त्यामुळे १६ इंची लॅपटॉपवर २५६० बाय १६०० हा मधला मार्ग बहुतेकांना पुरेसा आहे. तेवढ्या आकारात फोर-केचा फायदा डोळ्यांना फार जाणवत नाही, भार मात्र चिपवर येतो.

लॅपटॉपमध्ये ‘मक्स स्विच’ आहे का, हेही पाहावे. तो नसेल तर ग्राफिक्स चिपने तयार केलेले चित्र प्रोसेसरच्या मार्गे वळसा घेऊन स्क्रीनवर येते आणि गेममधला थोडा वेग वाया जातो. लग्नाचे व्हिडिओ, अल्बम यांचे काम असेल तर रिफ्रेश रेटपेक्षा रंगांची अचूकता महत्त्वाची. घरी जुना मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस असेल तर तो विकू नये. लॅपटॉप मेजावर ठेवून त्याला जोडला की डेस्कटॉपसारखी बैठक कायम राहते आणि मानेचा त्रासही टळतो.

भारनियमन आणि इन्व्हर्टरचा हिशेब काय?

येथे लॅपटॉपची बाजू भक्कम आहे. वीज गेली की यूपीएस नसलेला डेस्कटॉप जागीच बंद पडतो आणि सेव्ह न केलेले काम जाते. वस्तीवर विहिरीच्या मोटारी सुरू होताच दिवे मंद होतात, तेथे हा अनुभव नवा नाही. लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर साधारणपणे १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि वीज गेलीच तर बॅटरी काम सांभाळते.

मात्र बॅटरीवर गेम खेळता येईल, ही समजूत चुकीची आहे. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी १०० वॅट-अवरच्या आत ठेवली जाते. गेमिंग लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर मात्र साधारण २३० ते ३३० वॅटचा आणि सर्वांत वरच्या मॉडेलमध्ये ४०० वॅटपर्यंतचा असतो. त्यामुळे बॅटरीवर जाताच लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतो आणि गेम सुरू असेल तर तास-दीड तासात बॅटरी संपते. अ‍ॅडॉप्टर सोबत न्यावाच लागतो आणि त्याचे वजनही धरावे लागते.

इन्व्हर्टरचे गणित असे. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-अवर वीज असते. गळती धरून दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १,२०० हाती येतात. गेम खेळताना लॅपटॉपचे २५० वॅट आणि घरातले पंखे-दिवे १५० वॅट धरले तर सुमारे ३ तास निघतात. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप मॉनिटरसह ५०० वॅट घेत असेल तर एकूण भार ६५० वॅट होतो आणि वेळ २ तासांच्याही आत येतो. लहान इन्व्हर्टर एवढा भार पेलतही नाही. इन्व्हर्टर ‘प्युअर साइन वेव्ह’ असावा.

वीजबिलातही फरक पडतो. रोज ४ तास वापर धरला तर २५० वॅटचा लॅपटॉप महिन्याला सुमारे ३० युनिट घेतो आणि ५०० वॅटचा डेस्कटॉप ६०. घरगुती वापर महिन्याला १०० युनिटच्या वर गेला की वरच्या युनिटना चढा दर लागतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

आणखी एक गोष्ट अर्थिंगची. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट असते, पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. अशा वेळी धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते. लॅपटॉप खराब आहे असे समजून दुकानात धाव घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

उन्हाळा आणि धूळ किती आड येते?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असताना लॅपटॉप आत ओढतो ती हवाच गरम असते. चिपचे तापमान ठरावीक मर्यादेला पोहोचले की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. शोरूमच्या एसीत झकास चाललेला लॅपटॉप पत्र्याच्या खोलीत दुपारी अडखळतो, तो यामुळे. म्हणून डेस्कटॉपच्या जागी घ्यायचा लॅपटॉप सर्वांत पातळ नसावा. मागे आणि बाजूला मोठी झरोके, दोन-तीन पंखे आणि थोडे जास्त वजन येथे फायद्याचे ठरते. पंख्यांचा आवाज होणारच. एडिटिंग करणाऱ्याने तो एकदा ऐकून घ्यावा.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. मागची बाजू दोन इंच उचलणारा साधा स्टँडही उपयोगी पडतो. गाळप हंगामातली काजळी आणि रस्त्याची धूळ पंख्यांच्या जाळीत बसते, त्यामुळे वर्षातून किमान एकदा सफाई हवी. मात्र काही वरच्या मॉडेलमध्ये चिपवर पेस्टऐवजी ‘लिक्विड मेटल’ असते. ते विजेचे वाहक असल्याने चुकीच्या ठिकाणी सांडले तर बोर्ड जळू शकतो. असे मॉडेल अनुभव नसलेल्या हातांत उघडायला देऊ नये.

दुरुस्तीसाठी पुणे गाठावे लागेल का?

डेस्कटॉपचा हा गुण लॅपटॉपमध्ये नाही. एसएमपीएस जळाला तर बारामतीच्या बाजारात दुसरा मिळतो आणि संध्याकाळपर्यंत संगणक सुरू होतो. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच बसवलेल्या असतात. वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला तर खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा मोठा हिस्सा असू शकतो.

त्यामुळे वॉरंटीचे दोन प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावेत. पहिला, वॉरंटी घरी येऊन दुरुस्ती करणारी आहे की लॅपटॉप सेंटरवर न्यावा लागतो. दुसरा, घरी येणारी असेल तर ती बारामती (४१३१०२), इंदापूर (४१३१०६) किंवा आपल्या गावाच्या पिनकोडला लागू आहे का. याचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, तर कंपनीच्या हेल्पलाइनवरून किंवा ईमेलवर घ्यावे. पुणे बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, इंदापूरहून आणखी लांब. एका दुरुस्तीसाठी दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी किंवा कॉलेज बुडते. जादा दोन वर्षांच्या वॉरंटीचे पैसे चमकत्या कीबोर्डपेक्षा सार्थकी लागतात.

एआय शिकण्यासाठी महागडा लॅपटॉप लागतो का?

पालकांना हे कारण हल्ली हमखास ऐकवले जाते. याचे उत्तर बारामतीतच आहे. अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाच्या मदतीने ऊसशेतीत एआयचा वापर सुरू केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सत्या नडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केल्यावर तो देशभर गाजला. त्यात शेतातले सेन्सर, उपग्रह आणि हवामान यांची माहिती क्लाउडवर जाते, जड आकडेमोड तेथे होते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो. शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही सुरुवातीची बरीच वर्षे क्लाउडवरच्या मोफत सुविधा आणि मध्यम लॅपटॉप पुरतो. घरच्या लॅपटॉपवरच मॉडेल चालवायचे असेल तर मात्र ग्राफिक्स मेमरी महत्त्वाची ठरते.

असेच दुसरे कारण जीटीए ६ चे. रॉकस्टारने या गेमसाठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली, ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीजसाठी. त्यात पीसीचा उल्लेख नव्हता. केवळ त्यासाठी आजच लॅपटॉप घेण्यात अर्थ नाही.

मग कोणी घ्यावा, कोणी थांबावे?

मशीन आठवड्यातून निदान एकदा जागेवरून हलणार असेल, तर गेमिंग लॅपटॉपला जादा पैसे मोजणे योग्य आहे. वसतिगृहातला विद्यार्थी, कार्यक्रमाच्या ठिकाणीच कापाकापी करून द्यावी लागणारा व्हिडिओ एडिटर, साइटवर थ्रीडी आराखडा दाखवणारा अभियंता यांचा यात समावेश होतो. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओला व्यवसायाच्या नावाने बिल घेतल्यास १८ टक्के कराचे इनपुट क्रेडिट मिळू शकते. दोन लाखांच्या बिलात ही रक्कम सुमारे साडेतीस हजार रुपये होते.

मशीन एकाच मेजावर राहणार असेल तर डेस्कटॉपच परवडतो. कॅबिनेट, मॉनिटर आणि चांगला असेल तर एसएमपीएस तोच ठेवून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बदलता येते. त्याच पैशांत जास्त ताकद मिळते आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. तिसरा पर्यायही आहे. घरचा डेस्कटॉप सुधारावा आणि कॉलेजसाठी साधा, हलका लॅपटॉप घ्यावा. ज्यांचे गेम फक्त सुटीत खेळले जातात, त्यांना तो सर्वांत स्वस्त पडू शकतो.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

– मॉडेलचे पूर्ण नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा. एकाच नावाखाली वेगवेगळ्या वॅटचे, स्क्रीनचे आणि रॅमचे प्रकार असतात.

– ग्राफिक्स मेमरी आणि कमाल वॅट लॅपटॉपवरच पाहावेत.

– शक्य असेल तर अ‍ॅडॉप्टर लावून अर्धा तास जड गेम किंवा रेंडर चालवावा. पाचव्या मिनिटाचा वेग आणि तिसाव्या मिनिटाचा वेग यांत मोठी घट दिसली तर दुसरे मॉडेल पाहावे.

– स्क्रीनवर काळे ठिपके, कीबोर्ड, सर्व पोर्ट आणि चार्जिंग तिथेच तपासावे. ऑनलाइन घेतल्यास खोके उघडतानाचा व्हिडिओ काढावा आणि परतीच्या मुदतीतच ही चाचणी उरकावी.

– बिलावर सीरियल क्रमांक असावा आणि तो लॅपटॉपखालच्या क्रमांकाशी जुळावा. वॉरंटीची तारीख त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

– ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास किंमत किती कमी होते, हे दोन्ही आकडे शेजारी लिहून मगच सही करावी.

– घरी आणल्यावर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सेटिंग सुरू करावी. सतत चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी त्यामुळे जास्त टिकते आणि वीज गेल्यावर काम सेव्ह करायला तेवढे चार्जिंग पुरते.